मूळकुजीचा पावसाळा

माझा नवरा आषाढात गेला. कावीळ झाली होती. आधी झाडपाल्याचं औषध, मग भंडाऱ्याचा दवाखाना, मग नागपूर, आणि नागपूरहून आठव्या दिवशी परत. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

आमचं घर कारध्याला, वैनगंगेच्या पुलापासून थोडं आत. घराला लागूनच नर्सरी होती. सासरे आधी एका सरकारी विश्रामगृहाच्या बागेत माळी होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या जमिनीत शोभेची झाडं करायला घेतली. जास्वंद, एक्झोरा, क्रोटन, तगर, कुंपणाची मेंदी. धानाच्या मुलखात फुलझाडं कोण विकत घेणार, असं गावातले म्हणायचे. पण सत्तरनंतर आमच्याकडे कॉलन्या उठू लागल्या, शाळांना पक्क्या इमारती आल्या, कचेऱ्यांपुढे गोल वाफे आले, आणि त्यांत लावायला झाडं लागू लागली. माझ्या नवऱ्याने काम वाढवलं. कलमं तो करायचा, माती तो कालवायचा, पाणी तो द्यायचा. सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांना उजेड कळायचा, समोर माणूस आहे एवढं कळायचं. पान हिरवं की पिवळं ते कळत नसे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माझा भाऊ मला न्यायला आला. माझं माहेर भंडाऱ्यात, नदीच्या पलीकडे, विणकरांचं घर. भाऊ ओसरीवर बसला आणि म्हणाला, "चाल घरी. इथं आता काय हाय तुह्यं?"

मी म्हटलं, "झाडायले पाणी द्याचं हाय."

तो थोडा वेळ बसला, चहा पिऊन निघून गेला. पुढे पुष्कळांनी या गोष्टीचं कौतुक केलं. सासऱ्यांचे डोळे गेलेले, मुलगा गेलेला, आणि सून माहेरी न जाता नर्सरी सांभाळायला राहिली. तसं काही नव्हतं. जायचं म्हणजे पेटी भरायला हवी, लुगडी घडी करायला हवीत. नळी हातात धरणं त्याहून सोपं होतं.

मला रडू येत नव्हतं. सासूबाई रोज रडायच्या, दुपारी जेवणं झाली की. त्या रडायला लागल्या की मी पाण्याचा गडवा भरून त्यांच्याजवळ ठेवायची आणि मागे निघून जायची. मागे काम होतं. विहिरीवरचा पंप सुरू करायचा, रबरी नळी ओढत पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत जायचं, प्रत्येक कुंडी काठोकाठ भरायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. नवरा उन्हाळ्यात असंच करायचा, मी ते पाहिलं होतं. आता पावसाळा होता हे मला दिसत होतं. तरी पाऊस पडून गेला की मी नळी घ्यायची. पाणी देत असले की कोणी बोलत नसे, आणि मलाही काही विचार करावा लागत नसे.

साकोलीकडे एका नव्या कॉलनीसाठी आमच्याकडे झाडं मागितलेली होती. नवऱ्याने उन्हाळ्यातच कबूल केलं होतं. पोळ्यानंतर द्यायची. त्यासाठी एक्झोराची लहान रोपं मोठ्या कुंड्यांत हलवायची होती, आणि तो आजारी पडल्यामुळे ती तशीच राहिली होती. मी ती हलवली. तो मातीत नदीची रेती मिसळायचा. पण नदीला पूर होता, रेती मिळत नव्हती. आमच्या अंगणात तलावाचा गाळ टाकलेला होता. उन्हाळ्यात तलाव आटले की लोक गाळ काढून बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, टाकतात. धानाला तो फार चांगला. मी तोच गाळ आणि शेणखत कालवलं, आणि मागे पडलेल्या जुन्या कुंड्या भरल्या. त्या कुंड्यांत आधी कोणती झाडं होती, ती का मेली, हे मी विचारलं नाही. कुंड्या धुतल्याही नाहीत.

श्रावणात आठवडाभर पाऊस उघडला. ऊन पडलं, आणि दुपारी एक्झोराची पानं खाली लोंबू लागली. मी पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी आणखी लोंबली. मी जास्त पाणी दिलं. मग खालची पानं पिवळी पडली, आणि हात लागताच गळू लागली.

संध्याकाळी सासऱ्यांना सांगितलं. त्यांना मी मामाजी म्हणायची. ते खाटेवर बसून वाकाची दोरी वळत होते.

"मामाजी, एक्झोरा मलूल होऊन राहिला. ऊन लागते वाटते."

"माती पाह्यली?"

"हाव."

"बोट घालून पाह्यलं?"

"हाव," मी म्हटलं.

मी बोट घातलं नव्हतं. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. घातलं नाही म्हटलं असतं तर त्यांनी जाऊन पाहा म्हटलं असतं, आणि मला परत मागे जावं लागलं असतं. एवढंच.

"कोरडी हाय का मंग?"

"कोरडीच हाय."

"मंग दे पाणी," ते म्हणाले, आणि दोरी वळत राहिले.

पुढच्या दहा-बारा दिवसांत पहिली रांग गेली, मग दुसरी. झाडं मरत होती आणि मला काही वाटत नव्हतं. मेलेली कुंडी मी रांगेतून काढायची, कुंपणाशी नेऊन ठेवायची आणि तिच्या जागी मागची सरकवायची. गौरी बसल्या त्या दिवशी सासऱ्यांनी स्वतःहून मला मागे न्यायला सांगितलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते रांगेपर्यंत आले. खाली बसले. एक कुंडी चाचपून घेतली, झाडाच्या बुंध्याशी दोन बोटं धरली, कुंडी उलटी करून तिचा काठ दगडावर हलकेच आपटला. मातीचा गोळा त्यांच्या तळहातावर आला. चिखल होता तो. त्यांनी त्यातलं एक मूळ चिमटीत धरून ओढलं. मुळाची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत केसासारखा धागा उरला. त्यांनी बोटं नाकाशी नेली.

"सडलं," ते म्हणाले.

मग बुंध्याशी, जिथे खोड मातीला लागतं त्याच्या जरा वर, नखाने खरवडलं.

"काय रंग हाय, सांग."

"तपकिरी."

"वर?"

मी वितीभर वर खरवडलं. "वर हिरवं हाय."

त्यांनी झाड खाली ठेवलं. आणखी एक कुंडी मागितली, मग आणखी एक. सातव्या कुंडीनंतर हात पुसले. माझ्यावर रागावले नाहीत. "सरायले बोलावणं धाड," एवढंच म्हणाले.

सर म्हणजे कृषी विद्यालयात शिकवणारे एक गृहस्थ. आमच्याकडून झाडं न्यायचे, म्हणून ओळख होती. दुसऱ्याच दिवशी ते सायकलवर पूल ओलांडून आले. बारीक, सावळे, विजारीच्या पायांना सायकलची क्लिप. त्यांनी सगळी नर्सरी पाहिली. पाणी कुठून कुठे वाहतं ते पाहिलं. गाळाच्या ढिगाजवळ उभे राहिले. मेलेल्या कुंड्या मी कुंपणाशी वरच्या अंगाला ठेवल्या होत्या आणि पावसाचं पाणी त्यांच्यातून निघून खालच्या रांगांत जात होतं, ते त्यांनी मला बोटाने दाखवलं.

"ही बुरशी पाण्यातून पसरते," ते म्हणाले. "मुळं सडली की झाड पाणी ओढू शकत नाही. म्हणून ते तहानलेलं दिसतं. आपण पाहतो, झाड सुकलं, आणि पाणी घालतो. झाडाला त्यातलं काहीच मिळत नाही, बुरशीला मिळतं."

मी विचारलं, "औषध?"

"मेलेल्या मुळावर औषध नाही, बाई. ज्यांना लागलं नाही त्यांना वाचवायचं."

मग ते सासऱ्यांजवळ बसून सांगत राहिले आणि सासरे मान हलवत राहिले. लागलेली झाडं मातीसकट काढायची आणि जाळायची. ती माती पुन्हा कुंडीत घालायची नाही. कुंड्या उकळत्या पाण्यातून काढायच्या. उरलेल्या कुंड्या जमिनीवर ठेवायच्या नाहीत, विटांवर ठेवायच्या, म्हणजे खालून पाणी निघून जाईल. मधून चर काढायचा. वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. नवी माती भरताना अर्धी रेती. बुंधा मातीत पुरायचा नाही, मान मोकळी ठेवायची. आणि वाचलेल्यांच्या बुंध्याशी मोरचूद आणि चुन्याचं पाणी ओतायचं. सासऱ्यांना यातलं बरंचसं आधीपासून माहीत होतं असं मला त्यांच्या मान हलवण्यावरून वाटलं.

निघताना सर खालच्या कोपऱ्यात थांबले. तिथे जास्वंदीची साठ-सत्तर झाडं होती. माघात माझ्या नवऱ्याने केलेली कलमं. फुलं फिक्या पिवळ्या रंगाची, पोटात तांबडी. त्याला हे झाड कोणत्या तरी शाळेच्या आवारात सापडलं होतं आणि त्याने तिथून दोन फांद्या मागून आणल्या होत्या. आजारी पडण्याआधी त्याच्या हातून झालेली ही शेवटची कलमं होती. पानं चकचकीत होती, कळ्या होत्या.

सरांनी एका झाडाच्या बुंध्याशी चाकूने खरवडलं. सालीखाली तपकिरी कडं दिसलं. दुसऱ्याला नव्हतं. तिसऱ्याला होतं.

"वरचं सगळं पाणी इथेच येतं," ते म्हणाले. "ही सगळीच काढा. दिसायला चांगली असली तरी."

ते गेल्यावर सासरे म्हणाले, "जासवंदीचं तू पाह्य. मी नाही सांगत."

मी फावडं घेतलं. सासूबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ते काहून काढून राहिली? हिरवं हाय ना ते."

"सरायनं सांगतलं, आत्या." सासूबाईंना मी आत्या म्हणायची.

"त्याच्या हातचं हाय ते."

"हाव."

"मंग?"

"काढा लागते."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना वाटलं असेल, ही किती निबर आहे. मलाही तेच वाटत होतं. मी एकेक कुंडी उचलून गोठ्याच्या वळचणीला नेत होते आणि माझे हात दुखत होते, बाकी काही नाही. कळ्या आलेल्या होत्या, त्या वाटेत गळून पडत होत्या. मी मोजलं नाही. शेवटच्या खेपेला एक कुंडी कमी आहे असं वाटलं, पण मी शोधली नाही. दोन दिवसांनी ती न्हाणीच्या मागे दिसली. सासूबाईंनी लपवली होती. न्हाणीचं पाणी तिथूनच वाहायचं. मी ती तिथेच राहू दिली. सासऱ्यांना मात्र ते कळलं होतं. त्यांनी तिथे जाऊन शेंड्याच्या तीन-चार कोवळ्या फांद्या चाकूने कापून घेतल्या, धुतलेल्या रेतीत खोचल्या, आणि वर मडकं पालथं घातलं. शेंड्यापर्यंत रोग जात नाही, असं सर म्हणाले होते. न्हाणीमागचं झाड दसऱ्याच्या आत मेलं. सासूबाईंनी ते स्वतः उपटलं आणि माझ्या हातात आणून दिलं.

जाळायला चार दिवस लागले. सगळं ओलं होतं. तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, घासलेट टाकून पेटवायचं, विझलं की पुन्हा पेटवायचं. हिरव्या लाकडाचा धूर जमिनीलगत राहायचा आणि घरात यायचा. कुंड्या मी धान उकडायच्या मोठ्या गंजात उकळल्या. अर्ध्या फुटल्या. विटा पडक्या गोठ्याच्या होत्या, त्या एकेक करून वाहिल्या. चर खणला. या सगळ्या दिवसांत मी रोज सकाळी उठायची, काम करायची, जेवायची आणि झोपायची. कोणी मला विचारलं असतं, कशी आहेस, तर मी चर किती हात झाला ते सांगितलं असतं.

मोरचुदाचं पाणी सासऱ्यांनी स्वतः करवून घेतलं. एका रांजणात मोरचूद विरघळवलेलं, निळंशार. दुसऱ्यात चुन्याची निवळी. दोन्ही एकदम तिसऱ्या रांजणात ओतायची. लोखंडी भांडं वापरायचं नाही. मग विळ्याचं घासलेलं पातं त्यात बुडवून थोडा वेळ धरायचं. पात्यावर तांबडं पुट चढलं तर चुना कमी पडला असं समजायचं. तसंच ओतलं तर झाड जळतं.

"पाह्य," सासरे म्हणाले. "चढलं का?"

मी पातं उजेडाकडे धरलं. मला घाई नव्हती. बऱ्याच दिवसांत मी एखादी गोष्ट इतकी नीट पाहिली नव्हती.

"चढलं. टोकाशी."

"मंग चुना टाक."

मी चुना टाकला. काठीने ढवळलं. पुन्हा पातं बुडवलं. ते तसं धरून असतानाच मी म्हणाले, "मामाजी, मी त्या दिवशी बोट घातलं नोहतं."

"कोणत्या दिवशी?"

"तुमी विचारलं होतं, माती पाह्यली का. मी हाव म्हणलं."

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

"कसं?"

"तू मागून आली, तं हात धुतल्याचा आवाज नाही आला. मातीत बोट घातलं असतं तं धुतले असते."

"मंग काहून नाही बोलले?"

त्यांनी हात पुढे करून रांजणाचा काठ चाचपला. "मले बोट नाही का? डोये गेले, बोटं तं होते. उठून गेलो असतो तं दहा पावलं होतं." ते काठावरून बोट फिरवत राहिले. "तू हाव म्हणलं अन् मले बरं वाटलं. उठा नाही लागलं."

त्यांना मी चार वर्षं ओळखत होते. मुलाचं प्रेत अंगणात होतं तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते आणि आल्यागेल्याला बसायला चटई द्या, असं सांगत होते. मला वाटलं होतं, म्हातारा माणूस, मन घट्ट झालं असेल. ते माझ्यासारखेच बसून होते, हे मला त्या रांजणाजवळ कळलं. दोघंही एकाच घरात, एकाच अंगणात, आणि मागे झाडं मरत होती.

"पातं काढ," ते म्हणाले. "किती वेळ धरते?"

मी काढलं. पातं स्वच्छ होतं.

प्रत्येक वाचलेल्या झाडाच्या बुंध्याशी मी ते पाणी ओतलं. माती फिकट निळी झाली, माझी बोटं आठवडाभर निळी राहिली. त्यानंतरही दहा-पंधरा झाडं गेली. मग थांबलं. थांबलं ते मला लगेच कळलं नाही. एक दिवस सासऱ्यांनी विचारलं, "आज किती काढले?" आणि मी म्हटलं, "आज नाही काढले," आणि कालही काढली नव्हती असं आठवलं.

साकोलीची झाडं पोळ्यानंतर नव्हे, दिवाळीनंतर गेली. एक्झोरा फार थोडा, बाकी क्रोटन आणि तगर. मी ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेले, कारण उतरवून घेताना कोणी तरी हवं होतं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "एक्झोरा जास्त सांगितला होता ना?" मी म्हटलं, "मुळं सडली. चूक आमची होती." त्यांनी मान हलवली आणि क्रोटन कुठे लावायचे ते दाखवू लागले. मी त्यांच्या माळ्याला सांगितलं, खोलवर पुरू नका, रोज पाणी देऊ नका. येताना मी एसटीने आले. खिडकीशी बसले होते. पंचवीस मैलांचा रस्ता, दोन्ही बाजूंना धान कापणीला आलेलं. मी सगळा रस्ता पाहिला आणि त्यातलं काही लक्षात राहिलं नाही.

सासऱ्यांनी रेतीत खोचलेल्या फांद्यांपैकी दोन जगल्या. त्यांच्यापासून पुढे पुष्कळ झाडं झाली. आठ-दहा वर्षं मी ती जास्वंद विकत होते. अड्याळच्या बाजारातही नेली. लोक विचारायचे, पोटात तांबडी ती कोणती. कधी तरी मला वाटायचं, या झाडाकडे पाहून काही व्हायला हवं. तसं काही झालं नाही. ते एक चांगलं झाड होतं, पटकन मूळ धरायचं, आणि लोकांना आवडायचं.

पुढच्या हिवाळ्यात भंडाऱ्याला डोळ्यांचं शिबिर भरलं. सासऱ्यांचा एक डोळा तिथे काढून घेतला, म्हणजे मोतीबिंदू काढला. मी शिबिरात त्यांच्याजवळ राहिले. पट्टी सुटल्यावर काही दिवस हिरवा चष्मा, मग जाड भिंगांचा. ज्या दिवशी जाड चष्मा आला त्या दिवशी माझ्या भावाने आम्हाला टांग्यातून कारध्याला आणून सोडलं. सासूबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे.

"लय वायली तू," ते म्हणाले. वाळलीस, असं.

"हाव," मी म्हटलं.

घरात न बसता ते सरळ मागे गेले. मी त्यांच्या मागे. खांद्यावर हात ठेवायला त्यांनी सवयीने हात वर केला आणि मग खाली घेतला. विटांवर मांडलेल्या कुंड्या, मधला चर, नवा एक्झोरा, त्याच्या बुंध्याची मोकळी मान. त्यांनी सगळं पाहिलं. एका टोकाला उभं राहून मान थोडी वाकडी केली.

"रांग वाकडी हाय," ते म्हणाले.

मी पाहिलं. खरंच होती. मधल्या आठ-दहा कुंड्या बाहेर आल्या होत्या. वर्षभर मी त्याच रांगेतून रोज जात होते.

"राहू द्या ना, मामाजी. वर्ष झालं, कोणी पाह्यलं नाही."

"आता मी पाहून राहिलो ना. सुतळी आण."

मी घरातून सुतळी आणली. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं घेऊन मी रांगेच्या शेवटी गेले. सुतळी ताणली. मग मी पहिल्या कुंडीपासून सुरुवात केली.